पॅरिसमधली चार ओळखीची दारे

युरोपला जाणे आता राजापेठेतही फार नवलाचे राहिलेले नाही. हज-उमऱ्याच्या पाटीशेजारीच 'बारा दिवसांत सात देश' अशी पाटी दिसते. कोणाचा मुलगा तिकडे नोकरीला असतो, कोणाची मुलगी शिकायला गेलेली असते. पण जायचे ठरले, की घरच्या बैठकीत चार प्रश्न हमखास निघतात. खायचे काय? नमाजचे कसे? बायकांच्या पडद्याचे काय? आणि एवढा पैसा घालून पाहायला जावे, असे तिथे आपले काय आहे?

पहिल्या तीन प्रश्नांना माहितीने उत्तर देता येते. चौथ्याचे उत्तर मात्र ज्याने त्याने शोधावे लागते. २०२३ च्या मे महिन्यात, ईद आटोपल्यावर, आम्ही पाच जण आठ दिवस पॅरिसला होतो: आम्ही दोघे, अम्मी, दहावीची परीक्षा दिलेली मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ. सात देशांचा फेरा न घेता एकच शहर निवडले. तिथे जे पाहिले, जे खाल्ले आणि जे कळले, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत.

पडद्याचा प्रश्न आधी

हा प्रश्न मुद्दाम आधी घेतो, कारण तिकीट काढण्यापूर्वीच घरात त्याचा निर्णय व्हायला हवा. फ्रान्समध्ये २०१० साली कायदा झाला आणि एप्रिल २०११ पासून तो लागू आहे. सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकता येत नाही. मोडल्यास १५० युरोपर्यंत दंड होतो. पाहुण्यांनाही त्यातून सूट नाही. डोक्यावर ओढणी किंवा स्कार्फ बांधायला मात्र रस्त्यावर, हॉटेलात, संग्रहालयात कुठेही मनाई नाही. ओढणीची बंदी आहे ती सरकारी शाळांतल्या विद्यार्थिनींना, २००४ च्या वेगळ्या कायद्याने. चेहऱ्याच्या कायद्याविरुद्ध युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात दावा झाला. २०१४ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मात्र दोन महिलांच्या प्रकरणात त्याने हक्कांचा भंग झाल्याचे मत दिले. म्हणजे वाद मिटलेला नाही, पण कायदा आहे.

आमच्या मोठ्या भाभीही सोबत येणार होत्या. त्या लग्नापासून नकाब वापरतात. कायदा कळल्यावर घरात दोन रात्री बोलणे चालले. कोणी म्हणाले, मुसाफिराला सवलत असते. कोणी म्हणाले, दवाखान्यातला मास्क लावा, कोण विचारतो? भाभींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही जा. मला चेहरा दाखवायची भीती नाही, पण कोणाच्या हुकमावरून दाखवायचा नाही." अम्मी नेहमी ओढणीच घेतात. त्या म्हणाल्या, "मी जाते. अल्लाहची दुनिया पाहायची राहून गेली आहे." दोघींचे निर्णय दोघींचे. आम्ही कोणाचीच समजूत घालायला गेलो नाही.

मुलीचा प्रश्न त्याहून अवघड होता. "जिथे माझ्या वयाच्या मुलीला शाळेत ओढणी घेऊ देत नाहीत, तिथे आपण पैसे खर्च करायला का जायचे?" तो प्रश्न तिने सोबत घेतला आणि आम्ही निघालो.

पहिले दार: मशिदीचे

पॅरिसची मोठी मशीद शहराच्या पाचव्या विभागात, वनस्पती उद्यानासमोर आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढताना हजारो मुस्लिम सैनिक कामी आले. त्यांच्या बलिदानाची जाण म्हणून ती बांधली गेली. १५ जुलै १९२६ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष दुमेर्ग आणि मोरोक्कोचे सुलतान मौले युसूफ यांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. मिनार ३३ मीटर उंच आणि चौकोनी आहे. आपल्याकडच्या गोल मिनारांची सवय असलेल्या डोळ्याला तो प्रथम वेगळा वाटतो. आत रंगीत फरशीच्या तुकड्यांचे काम, कोरीव लाकूड आणि पाण्याचे हौद आहेत. जर्मनांच्या ताब्यात पॅरिस असताना या मशिदीने काही ज्यूंना आसरा दिला. किती जणांना, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत, पण आसरा दिल्याची आठवण शहराने जपली आहे.

मे महिन्यात तिथे जोहरची वेळ दुपारी दोनच्या सुमारास होते आणि मगरिब रात्री नऊनंतर. घड्याळात आठ वाजलेले आणि बाहेर लख्ख ऊन, याचे मुलांना फार अप्रूप वाटले. आम्ही मुसाफिराची सवलत घेऊन कसर नमाज अदा केली. संग्रहालयांत नमाजसाठी वेगळी खोली नसते, तेव्हा दिवसाचा बेत नमाजच्या वेळा पाहूनच आखलेला बरा. पर्यटकांसाठी मशिदीचा परिसर जुमा सोडून इतर दिवशी खुला असतो. नमाजींना अर्थातच रोज येता येते.

मशिदीच्या दुसऱ्या कोपऱ्यावर तिचेच जेवणघर आणि चहाचे अंगण आहे. झाडाखाली पितळी मेजे, छोट्या काचेच्या पेल्यांत पुदिन्याचा गोड चहा आणि पायाशी बिनधास्त फिरणाऱ्या चिमण्या. आजूबाजूला बहुतेक फ्रेंच गिऱ्हाईक. आत कुसकुस मागवला. गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे, वर भाज्यांचा रस्सा आणि मटण. अम्मींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हा तर दलियाचा भाऊ आहे." उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांनी आणलेला हा पदार्थ आता फ्रेंच घरांत आणि शाळांच्या जेवणातही रुळला आहे.

शेजारच्या मेजावर एक कॉलेजवयाची मुलगी बसली होती. आजी-आजोबा अल्जीरियातून आलेले, स्वतः पॅरिसमध्येच जन्मलेली. तिची आणि आमच्या मुलीची मोडक्या इंग्रजीत गट्टी जमली. शाळेत असताना ती फाटकापाशी ओढणी काढून दप्तरात ठेवायची आणि सुटल्यावर पुन्हा बांधायची. मुलीने विचारले, "मग राग नाही येत?" ती म्हणाली, "येतो ना. पण हे माझेच शहर आहे. रागावून मी कुठे जाऊ?" मुलीला तिच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळाले असे नाही, पण तो प्रश्न कोणासोबत बोलायचा हे तिला कळले.

मशिदीपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, सेन नदीकाठी, अरब जगत संस्था आहे. ही इमारत १९८७ सालची. तिच्या दक्षिणेच्या भिंतीवर धातूच्या २४० जाळ्या आहेत. उजेड कमी-जास्त होईल तशा उघडाव्या-मिटाव्यात अशी त्यांची रचना आहे. कल्पना जुन्या अरबी घरांच्या लाकडी जाळीची. तिच्या गच्चीवर गेलो. नोत्र दाम चर्चची मागची बाजू तिथून दिसते. आम्ही गेलो तेव्हा २०१९ च्या आगीनंतरची दुरुस्ती चालू होती. आता डिसेंबर २०२४ पासून ते चर्च पुन्हा खुले झाले आहे आणि आत जायला पैसे लागत नाहीत.

दुसरे दार: जेवणाच्या मेजाचे

'रेस्टॉरंट' हा शब्द पॅरिसनेच जगाला दिला. अठराव्या शतकात तिथे अशक्त माणसाला ताकद देणाऱ्या मांसाच्या कढणाला हे नाव होते. सोप्या शब्दांत यखनी. ती विकणाऱ्या दुकानांनाच पुढे ते नाव पडले. एकोणिसाव्या शतकात दुवाल नावाच्या खाटकाने बाजारातल्या कामगारांना स्वस्तात गरम कढण आणि मांस देणारी खानावळ काढली. तशा खानावळींना 'बुईयों' म्हणजे कढणच म्हणतात, आणि त्या आजही चालतात. फ्रेंच जेवण म्हणजे फक्त श्रीमंतांचा थाट, असे समजायचे कारण नाही.

रीत मात्र ठाऊक हवी. दुपारचे जेवण बारा ते दोन आणि रात्रीचे सात-साडेसातनंतर. मधल्या वेळात बऱ्याच ठिकाणी चूल बंद असते. आत शिरताना आधी 'बाँजूर' म्हणायचे. न म्हणता एकदम मागणी केली, तर तिथे ते उद्धटपणाचे वाटते, जसे आपल्याकडे सलाम न करता कोणाच्या घरात शिरावे तसे. फळ्यावर खडूने लिहिलेला 'प्ला द्यू जूर', म्हणजे आजचा पदार्थ, सहसा ताजा आणि परवडणारा असतो. दोन पदार्थांचा ठरावीक दराचा जोड मिळतो त्याला 'फॉर्म्यूल' म्हणतात. साध्या ठिकाणी दुपारी तो पंधरा ते वीस युरोच्या आसपास पडला. 'काराफ द ओ' मागितले, की साध्या पाण्याचा जग फुकट येतो. पाव जेवणासोबतच असतो आणि सेवेचा आकार बिलात धरलेला असतो.

आता आपल्या घरचा मुख्य प्रश्न. हलाल मांस पॅरिसमध्ये भरपूर मिळते. बेलव्हील आणि बार्बेस या वस्त्यांत तर दुकानांमागून दुकाने आहेत. मात्र साऱ्या देशासाठी हलालचा एकच सरकारी शिक्का नाही. पॅरिस, लियों आणि एव्ह्री इथल्या तीन मोठ्या मशिदींना कसाई नेमण्याची सरकारी मान्यता आहे आणि त्यांच्याशिवाय इतर संस्थाही दाखले देतात. म्हणून पाटी वाचून थांबू नये, दाखला कोणाचा ते विचारावे. विचारलेले कोणाला खटकत नाही.

साध्या फ्रेंच हॉटेलात आम्ही मासे, अंडी आणि भाज्यांवर भर दिला. काही शब्द पाठ केले होते. 'पोर' म्हणजे डुकराचे मांस, 'जाँबों' आणि 'लार्दों' त्याचेच प्रकार, 'व्हँ' म्हणजे दारू, 'जेलातीन' म्हणजे जिलेटिन. 'कीश लोरेन' या अंड्याच्या पदार्थात लार्दों असतात. माशाच्या रश्श्यात पांढरी वाइन घालतात आणि काही मिठाया रममध्ये भिजवलेल्या असतात. एका छोट्या हॉटेलात आम्ही वाढप्याला माशाबद्दल विचारले. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, वाइन आहे, पण आचारी लोणी-लिंबात वेगळा करून देईल. त्याने तसा करून आणला आणि दर तोच लावला. ब्रिटनी भागातली कुट्टूच्या पिठाची पातळ पोळी, 'गालेत', अंडे आणि चीज घालून मुलांना फार आवडली. ती मागताना 'सां जाँबों', म्हणजे जाँबोंशिवाय, एवढे सांगावे लागते. शिंपले आम्ही हनफी असल्याने घेतले नाहीत. चीजमध्ये कोणते रेनेट आहे याबद्दल ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.

सर्वांत सोबत केली ती लांबट पावाने, म्हणजे बागेतने. मैदा, पाणी, मीठ आणि खमीर एवढाच त्याचा ऐवज. २०२२ मध्ये युनेस्कोने बागेत करण्याच्या कलेला मानवी वारशाच्या यादीत घेतले. सकाळी बेकरीपुढे रांगेत उभे राहायचे, गरम पाव काखेत धरायचा आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचे टोक खाऊन टाकायचे, ही तिथली रीत धाकट्याने पहिल्याच दिवशी उचलली.

तिसरे दार: लूव्रमधल्या उस्तादांचे

लूव्र हा पूर्वी राजवाडा होता. राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, तो लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडला. सगळा पाहायचे म्हणाल तर आठवडाही पुरणार नाही. बहुतेक जण मोनालिसापुढच्या गर्दीत फोटो काढून दमून बाहेर पडतात. आम्ही ठरवून इस्लामी कलेच्या दालनात गेलो. हे दालन २०१२ मध्ये उघडले. वाड्याच्या एका चौकावर काच आणि सोनेरी जाळीचे लाटांसारखे छत घातले आहे. खाली स्पेनपासून हिंदुस्थानपर्यंतच्या सुमारे ३,००० वस्तू आहेत. गर्दी तुरळक असते आणि निवांत पाहता येते.

९६८ साली कोरडोबात हस्तिदंतात कोरलेली एक डबी तिथे आहे, जेमतेम वीतभर उंचीची. मोगल काळातल्या दगडी मुठींचे खंजीर आहेत. पण अम्मी थबकल्या त्या एका पितळी घंगाळापुढे. चौदाव्या शतकात मामलूकांच्या राज्यात, म्हणजे मिसर-शामच्या मुलखात, ते घडवले गेले. सोन्या-चांदीच्या तारांनी घोडेस्वार, शिकारी आणि जनावरे त्यावर जडवली आहेत. पुढे ते फ्रान्सच्या राजघराण्यात गेले आणि राजपुत्रांचा बाप्तिस्मा त्यातल्या पाण्याने होऊ लागला. तेरावा लुई १६०६ मध्ये त्यातच न्हाला. नाव मात्र सेंट लुईचे पडले. कारागिराने आपले नाव त्यावर सहा ठिकाणी कोरले आहे: मुहम्मद इब्न अल-जैन. अम्मींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "राजाचे नाव लोकांनी लावले, उस्तादाने आपले स्वतः लिहून ठेवले. बरे केले."

त्याच लूव्रच्या संग्रहात 'रिजंट' नावाचा १४० कॅरटचा हिरा आहे. तो गोवळकोंड्याच्या मुलखातल्या खाणीतून निघालेला. आपल्या दख्खनचा माल तिथे कोणकोणत्या वाटांनी पोहोचला, याचा विचार मुलांना करायला लावावा.

व्यवहाराचे थोडे. लूव्र मंगळवारी बंद असते. तिकीट वेळेसह आधी घ्यावे लागते. आमच्या वेळी ते १७ युरो होते. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या प्रौढांना ३२ युरो झाले आहे. अठरा वर्षांखालच्यांना मात्र ते फुकट आहे, पासपोर्ट दाखवावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांना तिथे चाकाची खुर्ची मोफत मिळते. शहरात फिरतानाही वृद्धांसाठी बस बरी, कारण मेट्रोच्या बऱ्याच स्थानकांत लिफ्ट नाही. खर्च आवरायचा असेल तर पॅरिस शहराच्या इतिहासाचे कार्नाव्हाले संग्रहालय आणि पती पाले या दोन ठिकाणचा कायमचा संग्रह सर्वांना विनामूल्य आहे.

चौथे दार: नागपूरच्या विद्यार्थ्याचे

त्या दिवसांत पाँपिदू केंद्रात सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन चालू होते. फेब्रुवारी ते मे २०२३. आता ती इमारत दुरुस्तीसाठी बंद आहे. रझा साहेब १९२२ मध्ये आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्मले. वडील जंगल खात्यात होते. चित्रकला ते आपल्या नागपूरच्या शाळेत शिकले आणि पुढे मुंबईच्या जे. जे.मध्ये. १९४७ मध्ये मुंबईत काही तरुण चित्रकारांनी जो गट काढला, त्यात ते होते, हुसेन होते, आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडेही होते.

फाळणीत भावंडे पाकिस्तानात गेली, रझा इथेच राहिले. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला आले. १९५६ मध्ये समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळवला, फ्रेंच चित्रकार जानिन माँजिला यांच्याशी लग्न केले आणि साठ वर्षे तिथे काढली. लहानपणी मन एका जागी ठरत नाही म्हणून शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला सांगितले होते. तोच बिंदू पुढे त्यांच्या चित्रांत उतरला. एका चित्रावर देवनागरी अक्षरे होती. आठ दिवसांत संग्रहालयात आम्हाला न विचारता वाचता आलेली ती पहिलीच ओळ. आमचा मुलगा ती मोठ्याने वाचू लागला, तेव्हा शेजारच्या एका फ्रेंच आजींनी खुणेने त्याला पुन्हा वाचायला सांगितले. रझा शेवटी भारतात परतले आणि २०१६ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केले गेले.

जाता जाता कापसाची गोष्ट, कारण आपण वऱ्हाडातले. व्हर्सायजवळ जुई गावात छापील सुती कापडाचे संग्रहालय आहे. सतराव्या शतकात हिंदुस्थानी चिटाने फ्रान्सला इतके वेड लावले, की तिथल्या रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा वाचवण्यासाठी राजाने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली आणि त्या काळातही लोक चोरून चीट नेसत राहिले. बंदी उठताच १७६० मध्ये ओबेरकाम्फ याने जुईला कारखाना काढला. त्या कापडाला फ्रेंच नावच पडले 'आंदियेन', म्हणजे हिंदुस्थानी. लाकडी ठसे पाहून अम्मींना त्यांच्या आजोळच्या छापील रजया आठवल्या. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये त्याच सतराव्या शतकात आपल्या मेळघाटापलीकडच्या बऱ्हाणपूरला येऊन गेला होता. तिथले सुती कापड इराण, तुर्कस्तान आणि पार पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे.

तेव्हा 'तिथे आपले काय आहे' या प्रश्नाला आमचे उत्तर हे: आपल्या उस्तादांची कामे आहेत, आपल्या सैनिकांच्या आठवणी आहेत, आपल्या मुलखाचा कापूस आहे, आणि ओढणी दप्तरात ठेवणारी एक मुलगी आहे. आधी त्या ओळखीच्या दारांनी आत गेलो, म्हणून बाकीचे पॅरिस परके वाटले नाही.

परत आल्यावर मुलीने विचारले, की तिची ती मैत्रीण उद्या राजापेठेत उतरली, तर तिला काय दाखवायचे? त्या हिवाळ्यात आम्ही सगळे अचलपूरला गेलो. अमरावतीपासून पन्नासेक किलोमीटर. १४९० पासून इमादशाहीची राजधानी असलेले हे शहर. गावाबाहेर हौज कटोरा आहे, तलावाच्या मधोमध उभी राहिलेली अष्टकोनी, कमानीदार, तीन मजली इमारत. तिकीट नाही, रांग नाही. भाभीही आल्या होत्या, नेहमीच्या नकाबात. काठावर बसून आम्ही घरून आणलेला डबा उघडला. मुलगी कमानी मोजत होती, आणि भाभी तिला विचारत होत्या, "याच्यावर उस्तादाचे नाव कुठे आहे का, नीट पाहा बरे."